ब्याण्णव किलोंची सून

माझ्या जेठांनी मला मिरचीच्या काट्यावर उभं केलं, तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे जेठ धाकट्याच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाहीत, बोलायचंच झालं तर भावाच्या आडून बोलतात. त्या दिवशीही त्यांनी तेवढी मर्यादा पाळली. मला काही म्हणाले नाहीत. नवऱ्याला म्हणाले, "घरना काटा कसाले पाहिजे रे? आठे एवढा मोठा काटा शे. तिले उभी कर."

दोघे भाऊ मिळून नंदुरबारच्या बाहेर मिरचीची पथारी चालवतात. ओली लाल मिरची विकत घ्यायची, मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवायची, देठ खुडून पोती भरायची. हंगामात तिथं पाऊल ठेवलं की घसा धरतो. आम्ही आदल्या दिवशी सुरतेच्या डॉक्टरांकडून आलो होतो. त्यांनी वजन नोंदवून ठेवायला सांगितलं होतं आणि घरात काटा नव्हता. एवढंच मी नवऱ्याला डबा देताना म्हणाले होते. ते जेठांनी ऐकलं.

"उभी राय ना," नवरा म्हणाला. "काय व्हस त्यामा?"

पोती मोजायचा लोखंडी काटा होता. लाल आकडे उमटतात तसला. मी चपला काढल्या. का काढल्या ते आजही सांगता येत नाही. तेवढ्यानं दोनशे ग्रॅम कमी भरेन असं वाटलं असावं. आकडा थोडा हलला आणि थांबला. मी वाचायच्या आत जेठांनी तो वाचला, पोत्याचं वजन दिवाणजीला ओरडून सांगतात तसा.

"ब्याण्णव किलो चारशे!" मग भावाकडे बघून, "दोन पोता व्हई गयात रे भो!"

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. दिवाणजी हसला. माझा नवरा हसला. देठ खुडणाऱ्या पंचवीस-तीस बाया ओळीनं बसल्या होत्या, तोंडाला फडकी बांधून. त्या मात्र हसल्या नाहीत. सगळ्यात जवळ बसलेलीनं मान आणखी खाली घातली आणि तिचे हात भराभर चालायला लागले.

मी चपला घातल्या, रिक्षा केली, घरी आले. रडू आलं नाही. कणीक मळताना एकच गोष्ट डोक्यात होती, की ह्या माणसांना मी सोडणार नाही.

त्या हसण्याचं मला एवढं का लागलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

लग्न झालं तेव्हा मी चौसष्ट किलोंची होते. पहिल्या तीन वर्षांत दिवस राहिले नाहीत. मग अंडाशयावर गाठी आहेत असं निघालं, पाळी महिना-महिना, दोन-दोन महिने चुकायला लागली, गोळ्या सुरू झाल्या आणि वजन वाढत गेलं. मी तळोद्याला अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. नंदुरबारहून रोज एसटीनं तापीवरचा पूल ओलांडून जायचं, तिथून जीपनं डोंगरातल्या गावांना, संध्याकाळी परत. जेवणाच्या वेळा कधी धड नव्हत्या. शेवटी टेस्ट ट्यूबचं बघा असं कुणीतरी सांगितलं आणि आम्ही सुरत गाठली.

त्या डॉक्टरांनी आम्हाला पाच मिनिटं दिली. फाइलमध्ये माझ्या तपासण्या होत्या आणि नवऱ्याचीही एक होती. त्याचे शुक्राणू कमी होते, जे होते ते मंद होते, आणि खाली वजन कमी करण्याचा सल्ला छापलेला होता. नवरा तेव्हा एकशे आठ किलोंचा होता. डॉक्टरांनी तो कागद बघितला आणि उलटून टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आप पहले बीस किलो कम करो, फिर आना." किती दिवसांत, कसं, न जमल्यास काय, माझं वय काय, यातलं काहीच नाही. पुढची जोडी दारात उभी होती.

परतीच्या गाडीत, व्यारा गेल्यावर, नवरा हळूच म्हणाला, "मन्हा रिपोर्टनं घर सांगू नको हां."

मी हो म्हणाले. बायको होते, झाकलं. आणि दुसऱ्याच दिवशी तो माझ्या ब्याण्णव किलोंवर हसला.

तो वाईट माणूस नाही, हेही सांगायला हवं. एकटा असला की तो वेगळा असतो. माझं अंग दुखलं तर न सांगता पाठ चेपून देतो. पण भावासमोर उभा राहिला की तो बारा वर्षांचा होतो. भाऊ हसला की हा हसणारच.

त्या दिवसापासून मी खाणं बंद केलं. डाएट वगैरे म्हणत नाही मी त्याला. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी आणि काकडी, संध्याकाळी काही नाही. मला बाळ हवं होतं म्हणून मी उपाशी राहत होते असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर मला आकडा हवा होता. बहात्तरचा आकडा घेऊन जेठांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, आता वाचा. पोटात आग पडली की मी जेठांचा तो आवाज आठवायची आणि भूक मरायची. राग हे मोठं पोटभरीचं अन्न आहे, काही महिने तरी.

सासूबाईंनी माझ्या भाकऱ्या मोजायला सुरुवात केली होती. मी खातच नव्हते, तरी मोजायच्या. पाहुणे आले की त्यांच्यासमोर सांगायच्या, "डॉक्टर म्हने, हिन्हा आंगवर चरबी शे, म्हनीसन पोर ऱ्हात नई." नवरा शेजारी बसून तूप लावलेल्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडत असायचा. त्याच्या ताटात कुणी डोकावत नव्हतं.

माझ्या कामातही वजनच होतं. डोंगरातल्या अंगणवाड्यांत महिन्यातून एकदा मुलांची वजनं व्हायची आणि ती मी स्वतः तपासायची. वर्षानुवर्षं माझी पद्धत ठरलेली होती. मूल काट्यात घातलं की मी आकडा मोठ्यानं वाचायची, म्हणजे सेविकेला लिहायला सोपं जायचं. उपाशी राहायला लागून सव्वा वर्ष झालं होतं, तेव्हा एका पाड्यावर दीड वर्षाच्या मुलाचं वजन वाचलं, "सात किलो आठशे. मागच्या वेळेपेक्षा कमी. काय खायला घालता याला?" खोलीत दहा-बारा बाया होत्या. त्याच्या आईनं मूल काट्यातून उचललं, लुगड्यात गुंडाळलं आणि निघून गेली. आहाराची पाकिटंही तिनं घेतली नाहीत. तिची पाठ बघितली आणि मला पथारीवरून रिक्षाकडे चाललेली मी दिसले.

सेविका म्हणाली, "मॅडम, ती ऊसतोडीला गेली होती गुजरातला. कालच आली."

सेविका माझ्यापेक्षा वयानं मोठी, पावरा समाजाची. घरी तिची बोली, माझ्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. त्या दिवशी जीपकडे उतरताना मला चक्कर आली आणि मी पायवाटेवरच बसले. तिनं मला हाताला धरून स्वतःच्या घरी नेलं, मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ समोर ठेवली, आणि माझ्यासमोर बसून राहिली. मी अर्धीच खाल्ली.

"पूर्ण खा," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या बायांना सांगता, अंगावर थोडं मांस पाहिजे, मग गर्भ धरतो. तुम्हाला पाळी येते का?"

चार महिने आली नव्हती. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. केसही मूठमूठ गळत होते. वजन तेव्हा चौऱ्याहत्तर होतं आणि मी खूश होते.

मी ती भाकरी संपवली. त्या महिन्यापासून मुलांची वजनं मोठ्यानं वाचणं मी बंद केलं. कार्डावर लिहायचं आणि फक्त आईला दाखवायचं. त्या मुलाच्या आईकडे मी नंतर गेले, पण ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. मी तरी कुठं कुणाला माफ करत होते?

सेविकेच्याच सांगण्यावरून मी दुसरी डॉक्टर शोधली. ती सुरतेचीच, गुजराती बाई, पण तिचे निम्मे पेशंट खानदेशातले, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं बोलायची. तिनं आमची सगळी फाइल वाचली. मग चष्मा काढून मला विचारलं, "दीड वरस काय केलं?"

"वजन उतरवलं. अठरा किलो."

"कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बघा, वजनाचा परिणाम होतो. खोटं नाही बोलणार. वजन जास्त तर इंजेक्शन जास्त लागतात, बीज कमी मिळू शकतात, गर्भपाताची भीती वाढते, भूल देताना पण काळजी घ्यावी लागते. पण सहा-सात किलो उतरले, पाळी लागली लायनीला, की सुरू करायचं. पस्तीसनंतर वय वाट बघत नाही. आणि हे असं उपाशी राहून उतरवलं, तर शरीराला वाटतं दुष्काळ पडला. बीज बनवायचंच बंद करतं."

मग ती माझ्याशेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "आणि तुमचं वजन?"

"एकशे आठ," तो म्हणाला.

"दीड वरसापूर्वी?"

"एकशे आठ."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही? पुरुषाच्या वजनाचा पण फरक पडतो. रिपोर्टवर लिहिलं आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चाललं होतं. दीड वर्ष. मी ते त्या पहिल्या डॉक्टरच्या एका वाक्यावर आणि जेठांच्या एका आरोळीवर उधळून दिलं होतं. त्या क्षणी दोघांपैकी कुणीही समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

मी नीट जेवायला लागले. पाळी परत आली. वजन अठ्ठ्याहत्तरवर गेलं आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल. इंजेक्शनं सुरू झाली. बीजं काढली, गर्भ तयार झाले चार. एक आत ठेवला, तीन गोठवून ठेवले. इंजेक्शनांची बर्फाची पिशवी नवरा सुरत ते नंदुरबार मांडीवर घेऊन बसायचा, खाली ठेवायचा नाही, हे मी विसरलेले नाही.

दिवस राहिले. आठव्या आठवड्यात गेले.

तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत पडून होते. सासूबाई स्वयंपाकघरात फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. आवाज खाली करायची त्यांना सवय नाही. "आखो दहा किलो उतारती तं टिकी जातं," त्या म्हणाल्या. "पन जीभवर ताबा नई ना तिन्हा."

नवरा तिथंच होता. ताटलीचा आवाज येत होता, म्हणजे जेवत होता. मी वाट बघितली. तो काहीतरी बोलेल म्हणून मी खरोखर श्वास रोखून वाट बघितली. त्यानं पाणी मागितलं.

अंगात चालायची ताकद आली त्या दिवशी मी कपडे आणि फाइल घेऊन तळोद्याला गेले. एसटी स्टँडमागे धान्याच्या दुकानावर एक खोली भाड्यानं मिळाली. नवऱ्याला फोन करून सांगितलं, "येण्याजाण्यानं त्रास होतो. काही दिवस इथं राहते."

काही दिवसांचे अकरा महिने झाले.

गर्भ सुरतेत गोठलेले होते. ते बाहेर काढून आत ठेवायचे तर कागदावर दोघांच्याही सह्या लागतात. नवऱ्यानं आपली सही महिन्याभरातच करून टाकली होती. माझी राहिली होती. दवाखान्यातून फोन यायचा, मी म्हणायची, विचार करते. नवऱ्याचा फोन यायचा, त्यालाही तेच. लग्नानंतर नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घराला हवी असलेली एक गोष्ट पूर्ण माझ्या हातात होती, आणि मी ती मुठीत घट्ट धरून बसले.

मला मजा येत होती. हे लिहायला कठीण जातं, पण खरं आहे. खोलीत मी दोन वेळा व्यवस्थित जेवायची. संध्याकाळी तळोद्याच्या बाजारातून भाजी आणायची, वांग्याचं भरीत करायची, हिरव्या मिरच्या घालून, आणि फोन वाजला की भरीत खाता खाता तो वाजू द्यायची. गर्भ गोठलेले असल्यानं त्यांचं वय वाढत नव्हतं. माझं वाढत होतं. ते मला कळत होतं. ज्या वेळेपायी मी त्या डॉक्टरला शिव्या घालत होते, तोच वेळ मी स्वतः घालवत होते. तरी सही करवत नव्हती.

सहाव्या महिन्यात सासूबाई आल्या. एकट्या, एसटीनं, गुडघे दुखत असताना जिना चढून. हातात स्टीलचा डबा होता, डिंकाचे लाडू. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी काही करून आणलं होतं. मी डबा उघडला आणि त्यांच्यासमोर बसून एक लाडू खाल्ला. मग दुसरा, तिसरा, चौथा. खाताना मी त्यांच्याकडेच बघत होते. चौथ्या लाडवाला त्यांचे ओठ हलले. त्या मोजत होत्या.

"कव्हय सही करशी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमच्या मुलाला विचारा," मी म्हणाले. "त्यांच्या तपासणीचा एक कागद आहे. तो त्यांनी पथारीवर वाचून दाखवायचा. जेठ असताना, तुम्ही असताना, बाया बसलेल्या असताना. मग करते."

"कसाना कागद?"

"तेच सांगतील."

त्या कागदात काय असेल याचा अंदाज त्यांना आला असावा. त्या डबा न घेताच उठल्या. मी तो धुऊन नंतर नवऱ्याच्या हाती पाठवला, रिकामा.

नवऱ्यानं पाच महिने घेतले. मधे एकदा आला, हात जोडले. म्हणाला, "मी घरमा सांगस, तू म्हनशी तं. पन तठे नको. मजूर ऱ्हातस."

"तेव्हाही होते," मी म्हणाले.

मिरचीचा हंगाम परत सुरू झाला. एका रविवारी त्याचा फोन आला, "ये." मी गेले. पथारी तशीच लाल पसरलेली, बाया ओळीनं बसलेल्या, सासूबाई खाटेवर. जेठ पोत्यांपाशी उभे होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं, आणि भावाला म्हणाले, "घर चाल. जे बोलनं शे ते घर बोलू."

नवरा हलला नाही. मी त्याला पहिल्यांदा भावाच्या शब्दावर न हलताना बघितलं. त्यानं खिशातून कागद काढला. इंग्रजी होता, त्यामुळे अडखळत वाचायला लागला, मग वाचणं सोडून अहिराणीतच सांगितलं, "दोष मन्हामा बी शे. मन्हा बी कमी शेतस. तीन वरीसपासून माले माहीत शे. डॉक्टरनी मालेबी वजन कमी कराले सांगेल व्हतं. मी कोनले सांगं नई."

एक बाई खोकली. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. जेठ वळले आणि बायांवर ओरडले, "हात चालवा ना! काय तोंड दखी ऱ्हायन्यात?"

नवऱ्याचे कान लाल झाले होते. मी अकरा महिने याच क्षणाची वाट बघत होते. मला वाटलं होतं, आत काहीतरी थंड होईल. झालं नाही. मला आणखी हवं होतं. जेठांनी एकदा माझ्याकडे बघावं, एक शब्द तोंडातून काढावा. त्यांनी तो आजपर्यंत काढलेला नाही, आणि मीही त्यांच्या ताटाला आजपर्यंत हात लावलेला नाही. घरी सणाला गेले तरी सगळ्यांना वाढते, त्यांच्या ताटापाशी आले की भांडं खाली ठेवते आणि पुढच्या पानाला जाते. कुणी काही म्हणत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्याच आठवड्यात मी सही केली.

पण डॉक्टरबाई म्हणाल्या, घाई नको, तीन महिने थांबा, दोघंही जरा चाला. नवरा तळोद्याला माझ्या खोलीत राहायला आला. पहाटे आम्ही शहादा रस्त्यानं चालायचो, येताना त्याला धाप लागायची. मी त्याच्या भाकऱ्या मोजायची. दोन दिल्या की टोपली उचलून घ्यायची. तो टोपलीकडे बघायचा आणि मी त्याचं ते बघणं बघायची. एकदा तो हात धुऊन आला आणि म्हणाला, "तुले अशीच भूक लागे का?"

"याच्यापेक्षा जास्त," मी म्हणाले.

"माले माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

तो भिंतीला टेकून बसला. मी टोपली परत पुढं केली नाही. तेवढी दया माझ्यात त्या दिवसांत नव्हती. पण त्यानंतर तो स्वतःच दोनवर उठायला लागला. तीन महिन्यांत अठ्ठ्याण्णववर आला. त्याच्या वजनाचा त्या गोठलेल्या गर्भांशी आता काही संबंध उरला नव्हता. ते आधीच तयार झालेले होते. हे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं. मी त्याला बरेच दिवस सांगितलं नाही.

दुसरा गर्भ राहिला नाही. तिसरा राहिला.

मुलगी झाली तेव्हा मी एकोणचाळीस पूर्ण केली होती. गर्भ ठेवला त्या दिवशी माझं वजन एक्क्याऐंशी किलो होतं. अठ्ठ्याहत्तरला गेला आणि एक्क्याऐंशीला टिकला. मी डॉक्टरबाईंना विचारलं, मग वजनाचं काय? त्या म्हणाल्या, "वजन कमी केलं तर शक्यता सुधारते. कुणाचं राहील, कुणाचं नाही, ते मी पण नाही सांगू शकत." हे वाक्य मला फार आवडलं. मला आतापर्यंत भेटलेल्या सगळ्यांनाच नक्की माहीत होतं.

सासूबाई आता पाहुण्यांना सांगतात की आम्ही हिचं खाणंपिणं सांभाळलं म्हणून पोर झाली. एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "एक्क्याऐंशी किलो होते मी. दोन पोती." पाहुण्यांना काही कळलं नाही. सासूबाई चहा ठेवायला उठल्या.

आता एकच जण उरला होता.

मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही डॉक्टरबाईंना दाखवायला सुरतेला गेलो. तिथलं लवकर आटोपलं, गाडीला तीन तास होते. नवऱ्याला म्हणाले, तू स्टेशनवर बस. मी रिक्षा केली आणि मुलीला कडेवर घेऊन त्या पहिल्या दवाखान्यात गेले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. आत घुसून त्यांच्या टेबलावर मुलगी ठेवायची असं काहीतरी डोक्यात होतं.

बाहेरच्या खोलीत दहा-पंधरा जोड्या बसल्या होत्या. कोपऱ्यात एक बाई होती, माझ्याएवढ्याच अंगाची, साडीवरून आणि कपाळावरच्या कुंकवावरून आमच्याच बाजूची वाटली. शेजारी तिचा नवरा मोबाइल बघत होता. तिच्या मांडीवर फाइल होती आणि ती पोट आत ओढून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. ती मुलीकडे बघायला लागली, मी मुलगी तिच्याकडे दिली. तिनं घाबरत घेतली.

"कठेन्या शेतस?" मी विचारलं.

"दोंडाईचा."

"वजन कमी करायला सांगितलंय?"

तिनं नवऱ्याकडे चोरून बघितलं. "पंधरा किलो. सहा महिने झाले. आठच उतरले. आज परत पाठवतील."

"वय किती?"

"सदतीस."

काचेच्या दारामागे ते डॉक्टर दिसत होते, मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. मला आत जायची गरज वाटेना.

"आठ पुष्कळ झाले," मी म्हणाले. "याच्यापुढं थांबायचं की नाही, हे आणखी एका डॉक्टरला विचारून घे. आणि ह्यांची तपासणी झाली का?"

"त्यांना काही नाही," ती म्हणाली.

"कागद बघितलास?"

तिच्या नवऱ्यानं मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कोण, ताई?"

मी तिच्या फाइलच्या मागच्या बाजूला डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला, अक्षर मोठं आणि स्वच्छ काढून. काउंटरवरची मुलगी उठून आली, तुमचा नंबर कोणता, म्हणाली. मी माझी मुलगी परत घेतली. ती बाई फाइलवरचं अक्षर वाचत होती. मग ती उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

"आपला नंबर येईल ना आता," तो म्हणाला.

"येऊ द्या," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली. तो तिच्यामागे गेला. मी दोघांना रिक्षात बसेपर्यंत खिडकीतून बघितलं, मग काउंटरवरच्या मुलीला विचारलं, इथं पाणी कुठं मिळेल. तिनं दाखवलं. मी एक ग्लासभर पाणी प्याले आणि स्टेशनवर गेले.